तीन प्रती, एक ठिपका

गणपती गेले की इंदूरला पंधरा दिवस असं एक हवामान येतं की कशातच मन लागत नाही. पाऊस संपलेला नसतो आणि चालूही नसतो. सकाळी नऊलाच ऊन पाठीला चावतं, दुपारी ढग जमतात आणि अंगण ओलं करण्याइतकंही काही न करता निघून जातात. कागदावर हात टेकला तर घामाने शाई फिसकटते. भाजीच्या गाडीवर भुट्ट्यांचा ढीग असतो, शेजारी अळू, कारली, लाल भोपळ्याच्या फाका. गल्लीतल्या मुली समोरच्या भिंतीवर शेणाची संजा काढतात. आज चंद्र-सूर्य, उद्या पंखा, परवा आणखी काही. रोज नवी काढायची, आदल्या दिवशीची खरवडून टोपलीत जमवायची आणि अमावास्येला ती अख्खी टोपली पाण्यात सोडायची. नवी खरेदी कोणी करत नाही. नवं काम कोणी हातात घेत नाही. नवरात्र येईपर्यंत सगळे नुसते बसून असतात.

मला बसून राहता येत नाही. पलासियाला एका कोचिंग क्लासचं ऑफिस मी बावीस वर्षं सांभाळतेय. वेळापत्रकं, उपस्थिती, कोणत्या वर्गातला कोणता पंखा बिघडला, सगळं माझ्या वह्यांमध्ये असतं. पितृपक्षात नवे प्रवेश थंडावतात आणि मला दुपारी लवकर घरी येता येतं. लवकर घरी आलं की मी घरातली कामं यादीवर घेते. आमच्या फ्रिजवर कायम एक यादी असते. माझा नवरा श्रीकांत मूळचा नाशिकचा. लग्न होऊन इंदूरला आल्यावर पहिल्याच महिन्यात तो म्हणाला होता, "तुमच्याकडे फ्रिजचं दार उघडायलासुद्धा आधी अर्ज करावा लागतो का?"

या वर्षीच्या यादीत सातव्या क्रमांकावर आहे : फोटो, सहामाही तपासणी. काम साधं आहे. कपाटातली हार्ड डिस्क काढायची, संगणकाला जोडायची, डोळे मिटून कुठलेही दहा फोटो उघडायचे. उघडले तर ठीक. डिस्क नुसती ठेवून दिली की ती चांगली आहे असं आपल्याला वाटत राहतं, आणि गरज पडते त्या दिवशी ती उघडत नाही. लोणच्याची बरणीसुद्धा आपण मधून मधून उघडून बघतो.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मी तपासणीला बसले. चार फोटो उघडले. पाचवा उघडला तो देपालपूरचा. आणि मी उठले, पाणी प्यायले, परत बसले, परत उठले.

"वैजू, पायाला भिंगरी लागली का गं?" खिडकीतल्या खुर्चीतून आत्या म्हणाली. आणि मग, रोजच्यासारखं, "दादा आला का?"

"नाही अजून," मी म्हणाले.

दादा म्हणजे माझे वडील. खरं तर ते आत्याचे धाकटे भाऊ, सहा वर्षांनी लहान, पण घरात सगळेच त्यांना दादा म्हणत, तीही. त्यांना जाऊन तिसरं वर्ष लागलं आहे.

*

ते गेले त्या आठवड्यात आम्हाला त्यांचा फोटो मिळेना. तेराव्याला लावायला एक नीट, समोरून घेतलेला फोटो. ते सतत दुसऱ्यांचे फोटो काढणारे गृहस्थ, स्वतः कॅमेऱ्यामागे. कपाटाच्या तळाशी एक चांगला होता, पण दोन पावसाळ्यांची ओल खाऊन कागद काचेला चिकटला होता. मी तो सोडवायला गेले आणि दादांच्या गालाचा एक पापुद्रा काचेवर राहिला. तो आवाज मला अजून आठवतो. केळीचं पान फाटताना होतो तसा, बारीक.

त्या दिवशी मी ठरवलं की घरातला एकही फोटो आता यापुढे असा हातातून जाणार नाही. आलेल्या पहिल्याच पितृपक्षात कामाला लागले.

तो सगळा पंधरवडा मला वासांनी आठवतो. जुन्या अल्बममधल्या काळ्या पानांचा उग्र, किंचित आंबूस वास. स्कॅनर तापल्यावर येणारा प्लास्टिकचा वास. स्वयंपाकघरात आत्या किसत असलेल्या भुट्ट्यांचा दुधाळ गोड वास, आणि मधूनच गल्लीतल्या शेणाचा. दिवसाला एक डबा असा हिशेब होता. सुती हातमोजे घालायचे, मऊ ब्रशने धूळ झाडायची, फोटो कोपऱ्यांतून सोडवायचा, काचेवर पालथा ठेवायचा, झाकण लावायचं. आतून एक पांढरी रेघ सावकाश सरकत जायची. लगेच नाव द्यायचं : साल, प्रसंग, क्रमांक. नाव न देता साठवलेला फोटो म्हणजे पत्ता न लिहिता पेटीत टाकलेलं पत्र. साल माहीत नसेल तर अंदाजाचं घालायचं आणि पुढे प्रश्नचिन्ह.

आणि मग तीन प्रती. हे मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगते आणि इथेही सांगते, कारण बहुतेक जण फोनमध्ये आहेत म्हणजे आहेत असं धरून चालतात. एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवर. दुसरी इंटरनेटवरच्या साठ्यात, ज्याचा पासवर्ड माझ्या निळ्या डायरीत शेवटून दुसऱ्या पानावर आहे आणि हे श्रीकांतलाही माहीत आहे. तिसरी प्रत दुसऱ्या गावात. आमची मुलगी मुक्ता पुण्याला असते. तिच्या कपड्यांच्या कपाटात, हिवाळी शालीच्या घडीत, एक डिस्क आहे. आग लागली, पाणी शिरलं, चोर आला, मी पासवर्ड विसरले, तरी हे सगळं एका वेळी तिन्ही ठिकाणी घडणार नाही. अस्सल फोटो आम्लविरहित कागदात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात, ओल ओढणाऱ्या सिलिकाच्या पुड्यांसकट. झाकणावर चारी बाजूंनी टेप, आणि वर माझ्या अक्षरात मोठ्ठं : उघडू नये.

"एवढा बंदोबस्त तर राजवाड्याला नव्हता," आत्या तेव्हा म्हणाली होती. आमचे पणजोबा होळकरांच्या दफ्तरात कारकून होते, त्यामुळे राजवाडा आमच्या घरात नातेवाईकासारखा बोलण्यात येतो. "आणि तुझ्या याद्यांची पण एक यादी करून ठेव गं. नाही तर यादीच गुम व्हायची."

ती तेव्हा अशी होती. चौऱ्याऐंशी वर्षांची, मुलींच्या शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवलेली, लग्न न केलेली, दादांच्या घरात राहिलेली आणि ते गेल्यावर माझ्याकडे आलेली. येताना तिने एक बॅग, एक सहाण आणि चंदनाचं झिजून अंगठ्याएवढं उरलेलं खोड आणलं होतं.

*

आता ठिपक्यांबद्दल सांगायला हवं.

आमच्या घरात एक रीत होती. दुसऱ्या कोणाकडे मी ती पाहिली नाही, आणि ती कोणी सुरू केली ते आत्यालाही सांगता येत नसे. सर्वपित्री अमावास्येला पानं वाढून झाली, कावळ्याचा घास ठेवून झाला, की सहाणेवर उरलेलं गंध घेऊन आत्या अल्बम उघडून बसायची. त्या वर्षात घरातलं जे माणूस गेलं असेल त्याच्या कपाळावर, फोटोतल्या, ती करंगळीच्या टोकाने एक ठिपका ठेवायची. मोहरीएवढा. गंध वाळायचं, त्याचा एक पिवळसर डाग राहायचा. ज्या फोटोत ते माणूस असेल त्या प्रत्येक फोटोत नाही. घरातले सगळे असलेला असा एकच फोटो होता, देपालपूरचा, त्यात. एका काकांच्या लग्नातला. मांडवाबाहेर बाकं टाकून तीन रांगांत अठरा माणसं. मागे ज्वारीची गंजी दिसते. पहिल्या रांगेत मांडी घालून बसलेले चौदा वर्षांचे दादा, ऊन डोळ्यांवर आल्यामुळे एक डोळा मिटलेला. त्यांच्या शेजारी वीस वर्षांची आत्या, दोन वेण्या, छायाचित्रकारावर रागावल्यासारखी.

लहानपणी मी आणि माझा चुलत भाऊ बाळू तो फोटो चोरून बघायचो. ठिपके मोजायचो. सात होते तेव्हा. मग आठ. एकदा बाळूने विचारलं, "आता नंबर कोणाचा?" आणि आम्ही पैज लावली. मी मागच्या रांगेतल्या जाड मिशांच्या आजोबांवर, त्याने फेटेवाल्यांवर. आत्या कधी मागे येऊन उभी राहिली कळलंच नाही. तिने आम्हाला मारलं नाही. दोघांना भूगोलाच्या तासाला उभं करतात तसं भिंतीशी उभं केलं आणि फोटोतल्या घरच्या प्रत्येकाचं नाव, नातं आणि त्याला काय खायला आवडायचं हे तोंडपाठ करायला लावलं. मिशांच्या आजोबांना भुट्ट्याचा कीस. फेटेवाल्यांना काहीच नाही, त्यांना तमाखू. सतरा नावं. मला वाटलं होतं ती कधीच विसरणार नाहीत. आज माझ्याकडे त्यातली सात उरली आहेत.

तर त्या पंधरवड्यात, अकराव्या दिवशी, देपालपूरचा फोटो स्कॅनरपाशी आला. त्यावर पंधरा ठिपके होते. दादांचा अजून लागायचा होता.

कडेला बुरशीही होती, बारीक, मिऱ्यासारखी. पलासियाला फोटोचं जुनं दुकान चालवणारे पवन भिया आहेत. अडलं की मी त्यांना विचारते. फोटो घेऊन गेले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून तो उजेडात धरला.

"दीदी, ये चंदन है क्या?"

"हो. म्हणजे, हाँ."

"ये नमी पकड़ता है. फंगस यहीं से चालू होती है. इसको रहने दोगे तो पाँच साल में चेहरा खा जाएगा."

चेहरा खा जाएगा. काचेला चिकटलेला दादांचा गाल माझ्या डोळ्यांसमोर आला. घरी आले, कापसाची काडी अगदी किंचित ओली केली आणि एकेक करून पंधराही ठिपके पुसले. हलक्या हाताने, गोल गोल, जसं पवन भियांनी दाखवलं होतं. जे पिवळे डाग तरी उरले ते संगणकाने पुसले. काम सुंदर झालं. अठराही कपाळं लख्ख.

ते ठिपके काय होते हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं. म्हणूनच यादीत एक रकाना आखला होता : फोटोतलं नाव, गेले ते साल, आवडीचा पदार्थसुद्धा. ठिपक्यापेक्षा रकाना बरा, असं मला वाटलं. रकान्याला बुरशी लागत नाही. आत्याला विचारून भरायचा, असं त्यापुढे लिहिलं. मग पुढचा डबा आला, त्यापुढचा आला. रकाना पुढच्या पानावर गेला. मी कुठलंही काम पुढे ढकलत नाही अशी माझी ख्याती आहे, आणि ती बहुतांशी खरी आहे.

अमावास्येला आत्या गंध उगाळून आली. आंघोळ करून, पांढऱ्या साडीत, सहाण दोन्ही हातांत धरून.

"फोटो दे गं. दादाला लावायचाय."

मी तेव्हा शेवटच्या डब्यावर होते. स्कॅनर चालू होता. देपालपूरचा फोटो गुंडाळून, डब्यात तळाशी, वर बाकीचे सगळे क्रमाने. "आत्या, आत्ता ते सगळं पॅक झालंय. परत काढलं तर क्रम मोडेल. पुढच्या वर्षी लावू ना."

तिने दारातूनच हातातल्या सहाणेकडे पाहिलं. मग "बरं" म्हणाली आणि सहाण धुऊन ठेवली.

*

पुढच्या वर्षी, म्हणजे गेल्या वर्षी, मी डबा उघडला नाही. टेप, पुड्या, कोरडेपणा, सगळं परत करावं लागलं असतं. शिवाय आत्याच्या आठवणीला तोवर गळती लागली होती. ती भुट्टे किसायची आणि किसलेल्या भुट्ट्यांचं काय करायचं ते विसरायची. तिला एवढं लक्षात असेल असं मला वाटलं नाही. पण अमावास्येला ती सहाण घेऊन आलीच.

मी टॅब्लेट समोर ठेवला. देपालपूरचा फोटो पडदाभर, कधी नव्हता इतका स्वच्छ. "याच्यावर लाव आत्या. काच आहे, खराब नाही होणार."

तिने करंगळी बुडवली आणि दादांच्या कपाळावर टेकवली. बोट लागताच फोटो सरकला आणि पुढचा आला. आमच्या लग्नाचा. ठिपका होता तिथेच राहिला आणि त्याच्याखाली मुंडावळ्या बांधलेला श्रीकांत येऊन उभा राहिला.

"अहो आत्या," श्रीकांत जेवता जेवता म्हणाला, "माझी पेन्शनसुद्धा अजून सुरू झाली नाही हो."

आम्ही सगळे हसलो. आत्याही हसली, पदर तोंडाला लावून, पोट धरून. मी फडकं आणून काच पुसली. हसणं ओसरल्यावर पाहिलं तर ती आपल्या करंगळीकडे बघत बसली होती. गंध वाळलं होतं. ते तिने दुसऱ्या हाताच्या नखाने खरवडून काढलं, बारीक बारीक, कितीतरी वेळ.

नंतर तिने सहाण मागितली नाही. थंडीत कधीतरी विचारायला लागली, दादा आला का.

*

तर हे सगळं पाचव्या फोटोत होतं, आणि म्हणून मला बसवत नव्हतं.

सहावा फोटो उघडायचा राहिला. मी घरभर फिरत होते. मुक्ताला फोन केला, डिस्क शालीतच आहे ना विचारायला. "आई, तू मार्चमध्ये विचारलंस, जूनमध्ये विचारलंस. शाल बाहेर काढायला पुण्यात थंडी तरी पडू दे." इंटरनेटवरच्या साठ्यात जाऊन बघितलं. तिथेही तो फोटो होता. तोच. अठरा लख्ख कपाळं. तिन्ही ठिकाणी माझी चूक अगदी सुरक्षित होती. आग, पाणी, चोर यांपैकी कोणीही तिला हात लावू शकलं नसतं.

श्रीकांतला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, ती विचारते तेव्हा येतोय म्हणून सांग. त्यात काय? तिला बरं वाटतं."

"मी 'नाही अजून' म्हणते."

"तेच ते."

तेच ते नव्हतं. इतके महिने मी दिवसातून दोनदा, चारदा, एक खोटी नोंद करत होते आणि आता त्या खोट्यामुळे माझं एक कामही अडलं होतं. रकाना रिकामा होता. पंधरा ठिपके कोणाकोणाचे, कोण कधी गेलं, हे सांगू शकणारं माणूस खिडकीतल्या खुर्चीत बसलं होतं आणि रोज थोडं थोडं पुसलं जात होतं. विचारायचं म्हणजे फोटो तिच्यापुढे ठेवायचा. फोटो ठेवला की ती दादांवर बोट ठेवून विचारणार. मग एक तर तिला तिचा भाऊ पुन्हा एकदा गेल्याचं सांगायचं, नाही तर रकाना कायमचा रिकामा सोडायचा. मी दोन्ही बाजू कागदावर मांडून पाहिल्या. कागदावर मांडलं की मला उत्तर सापडतं. सापडलं नाही.

पंधरवडा असाच गेला. मी ऑफिसला जायची, चार वाजता यायची, ओट्यावरचे डबे पुसायची, पुसलेले पुन्हा पुसायची. संध्याकाळी भिंतीवरची संजा बदललेली असायची. शेजारच्या मुलीला एकदा विचारलं, "रोज मिटवतेस, वाईट नाही वाटत?" तिने माझ्याकडे असं पाहिलं जसं मी अगदीच काही न कळणारी आहे. "आंटी, उद्याची कुठे काढायची मग?" बाजारात हल्ली कागदाची छापील संजा मिळते, पंधरा दिवसांची सगळी चित्रं एकाच कागदावर, भिंतीला चिकटवली की झालं. तिच्या आईने ती आणून दिली होती. मुलीने तिचं विमान केलं होतं.

*

अमावास्येला मी सुट्टी घेतली. खीर, वडे, अळूची भाजी, आमसुलाची चटणी, आणि भुट्ट्याचा कीस, कारण मिशांच्या आजोबांना आवडायचा. गच्चीवर घास ठेवला. हल्ली कावळे फारसे येत नाहीत, आम्ही अर्धा तास उन्हात उभे राहिलो, एक खार आली, श्रीकांत म्हणाला, "चालेल का?" आणि आम्ही खाली आलो.

आत्या खुर्चीत. ऊन खिडकीतून तिच्या मांडीवर. "किती गर्मी होतेय गं. पंखा तेज कर. दादा आला का?"

मी पंखा तेज केला. मग काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण ते कुठल्याच यादीत नव्हतं. माळ्यावरून डबा काढला. उघडू नये, माझंच अक्षर. टेप नखाने निघेना म्हणून सुरी आणली. फोटोंचा सगळा क्रम पलंगावर पसरला आणि तळातून देपालपूरचा काढला. कपाटातून तिची सहाण काढली. मला गंध उगाळता येत नाही. पाणी जास्त झालं, पातळ आलं.

फोटो तिच्या मांडीवर ठेवला. सहाण हाताशी.

"हे काय असं ताकासारखं?" ती म्हणाली आणि खोड माझ्या हातातून घेऊन स्वतः उगाळायला लागली. सावकाश, एका दिशेने. खोलीभर चंदनाचा वास झाला. मी वही घेऊन तिच्या पायाशी बसले. काही विचारायचं नाही असं ठरवलं होतं.

तिने करंगळी बुडवली आणि मागच्या रांगेपासून सुरुवात केली. पहिला ठिपका. दुसरा. फोटोकडे ती जणू बघतही नव्हती. गव्हातले खडे वेचताना हात चालतो तसा तिचा हात चालत होता. "भाऊसाहेब," ती म्हणाली. "यांना कीस." पुढचा ठिपका. "या यमूताई. पहिल्या बाळंतपणातच." पुढचा. "याचं नाव..." हात थांबला नाही, नाव थांबलं. "नाव जाऊ दे. मानपूरला असायचा. गाडी उलटली त्याची हायवेवर." मी लिहीत होते. नाव नाही, मानपूर, गाडी. काही ठिकाणी ती नुसती हं म्हणाली आणि मी नुसतं हं लिहिलं.

मधल्या रांगेत कडेला डोक्यावर पदर घेतलेली एक मुलगी आहे. आत्याचं बोट तिला ओलांडून पुढे गेलं.

"ही कोण?" मला राहवलं नाही.

"कोणास ठाऊक. तिथल्याच गावची. फोटोत येऊन उभी राहिली. असेल की कुठेतरी."

पहिली रांग आली. एक डोळा मिटलेला चौदा वर्षांचा मुलगा. करंगळी त्याच्यावर येऊन थांबली. मी वहीतून वर बघितलं नाही. पंख्याचा आवाज, खाली भंगारवाल्याची हाक. आता ती विचारेल. आता मला सांगावं लागेल.

"याला लावायचा राहिला होता," ती म्हणाली. "तू मशीन लावून बसली होतीस."

"हो आत्या."

"दोन वर्षं तसाच राहिला बिचारा."

"हो."

तिने ठिपका ठेवला. बाकीच्यांपेक्षा मोठा पडला, कपाळभर, मिटलेल्या डोळ्याच्या भुवईपर्यंत. तिने त्यावर फुंकर घातली, आपण मुलाच्या जखमेवर घालतो तशी. तिचे डोळे भरले नव्हते. माझेच भरले होते, आणि वहीवरची शाई फिसकटली. ती घामाने फिसकटली असं धरून चालू.

मग तिने पुन्हा करंगळी बुडवली. सहाणेवर आता फारसं काही नव्हतं, कडेचं तिने निपटून घेतलं. बोट शेजारी सरकलं, दोन वेण्यांच्या, रागावलेल्या मुलीवर. टेकलं नाही. केसभर वर थांबून राहिलं.

"इथला तू लावायचास," ती म्हणाली. "विसरशील. लिहून ठेव."

मी लिहिलं.

"आणि त्या डब्याला पुन्हा टेप नको लावूस."

दुसऱ्या दिवशी मी तो फोटो पुन्हा स्कॅन केला, ठिपक्यांसकट. तिन्ही ठिकाणी पाठवला. मुक्ता म्हणाली, "आई, यावर डाग पडलेत." मी म्हणाले, "असू देत, पुसू नकोस." जुना, लख्ख फोटो काढून टाकायला बोट बटणावर नेलं आणि तसाच राहू दिला; त्याच्या नावापुढे एक शब्द जोडला, चूक.

आत्याने आज सकाळी विचारलं, दादा आला का. ठिपका लावला म्हणून ते थांबलेलं नाही. पण आज मी "नाही अजून" म्हणाले नाही. फोटो तिच्या हातात दिला. तिने दादांवरून बोट फिरवलं, वाळलेलं गंध बोटाला खरखरीत लागलं असेल, आणि "हां" म्हणून ती खिडकीबाहेर बघायला लागली.

डबा टेबलावर आहे. पवन भियांनी पाहिलं तर ते चष्मा कपाळावर सरकवतील. सिलिकाच्या पुड्या या दमट हवेत ओल्या होत असणार. सकाळपासून मी दोनदा टेप हातात घेतली आणि दोनदा ठेवून दिली.